पेरूच्या रोडवर मामांची सही

“सही केलीया म्यां! ह्या रोडवर माजी सही हाय! आन् ह्यो काल गाडीतनं उतरल्याला गडी मला सांगतोय, असलं टेसनच न्हाई म्हून?”

दौंडच्या लोको शेडबाहेर कडुनिंबाखाली उभे राहून माझे सासरे ओरडत होते. सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. मामा वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर. पस्तीस वर्षं इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोललेला माणूस. ते घरात नुसतं “च्या घ्या” म्हणाले तरी कुरकुंभच्या डोंगरावरची शेरडं माना वर करून बघायची. आज तर ते खरोखर चिडले होते. त्यामुळे शेडमधला निम्मा स्टाफ हातातली कामं टाकून गोळा झाला होता, आणि उरलेला निम्मा सोलापूरहून निघाला असावा.

समोर एक गोरा साहेब उभा होता. लालबुंद नाक, गळ्यात दोन कॅमेरे, खिशात इंजिनांचे फोटो काढायचा परवाना. त्याच्या हातात मामांची काळ्या पुठ्ठ्याची वही. आणि दोघांच्या मधे दुभाषा म्हणून मी, शिरूरच्या शाळेतला भूगोलाचा मास्तर, मामांचा एकुलता एक जावई. माझं इंग्रजी थर्ड क्लास, पण आवाज फर्स्ट क्लास. मी शिरूरला धडा वाचायला लागलो की घोडनदीपलीकडं नगर जिल्ह्यातली पोरं फुकटात पास व्हायची.

वहीत पेरू देशाच्या प्रवासाचा बेत होता. मामा दीड वर्षानं रिटायर व्हायचे होते, आणि रिटायर झाल्यावर त्यांना दक्षिण अमेरिकेतल्या त्या देशात जायचं होतं, जगातल्या सगळ्यात उंच रेल्वेनं. त्या लाईनीवरचं एकेक स्टेशन, एकेक चढ, बोगदा, इंजिनाला पाणी भरायची जागा, सगळं त्या वहीत होतं. गोरा साहेब त्या लाईनीवरून दोनदा जाऊन आलेला होता, आणि तो म्हणत होता की ह्यातली निम्मी स्टेशनं तिथं नाहीतच.

तो बरोबर बोलत होता. ती स्टेशनं मी जन्माला घातली होती.

ह्या सगळ्याची सुरुवात त्याच्या दोन वर्षं आधी, भज्यांपासून झाली. माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं आणि मी बायकोला माहेरी पोचवायला दौंडला आलो होतो. शिरूरहून एसटीनं न्हावऱ्यावरून केडगाव आणि केडगावहून पॅसेंजर. हा प्रवास मी सासुरवाडीत असा सांगायचो, की वाटेत दोन वाळवंटं आणि एक समुद्र लागतो असं ऐकणाऱ्याला वाटावं. मामा ड्यूटीवरून येताना फलाटावरच्या स्टॉलची भजी घेऊन आले. भजी संपल्यावर त्यांनी तो तेलकट कागद उजेडाकडं धरला. छापलेलं काहीही वाचल्याशिवाय टाकायचं नाही, अशी त्यांची सवय होती.

“पाव्हणं,” ते म्हणाले, “तुम्ही भूगोलाचं मास्तर. हितं लिवलंय, पेरू देशात रेल्वे ढगाच्या वरनं जाती. पंधरा हजार फुटावर. खरं हाय का?”

“पेरूच खायाचं तर यवताच्या बाजारात मिळत्यात की,” मामी आतून म्हणाल्या. हा विनोद मी वर्गात दरवर्षी करत असे, म्हणून त्या दिवशी हसलो नाही.

“खरं आहे,” एवढं म्हणून मी गप्प बसायला हवं होतं. पण एक जुनी ठसठस होती. लग्नाच्या बैठकीत मामांनी मला चारचौघांत विचारलं होतं, “मास्तर, नकाशात पोरास्नी जी गावं दावता, त्यातली सोता बघितल्यात का कुठली?” मी गोंधळून “कासुर्डी, वरवंड” अशी दौंडजवळचीच गावं सांगितली होती, आणि सगळी बैठक अशी हसली की मांडवाचे दोन खांब हलले. तो हशा माझ्या घशात वर्षभर अडकून होता.

“खरं म्हणजे?” मी म्हणालो. “त्या लाईनीवरचा एक स्टेशन मास्तर माझा पत्रमित्र आहे.”

मामांनी कागदाची घडी घातली. माझ्याकडं त्यांनी पहिल्यांदाच, फायरमन नव्या इंजिनाकडं बघतो तसं बघितलं. मला ते फार आवडलं. पुढं जे काही वाईट झालं, ते मला हे फार आवडल्यामुळं झालं.

त्याच दिवशी त्यांनी मित्राला घालायचं पत्र मला तोंडी सांगितलं. चढ केवढा? पाणी किती मैलांवर भरतात? कोळसा कुठला, राख फार होती का? मी ते पत्र शिरूरला नेलं आणि रविवारी त्याचं उत्तर लिहिलं. पुण्याला एका दुकानात परदेशी तिकिटांची पाकिटं मिळायची. त्यातल्या एकात पेरूचं तिकीट निघालं, लांब मानेच्या मेंढीसारख्या जनावराचं. ते एकच होतं. म्हणून पहिल्या पत्राचं पाकीट तेवढं तिकिटासकट दाखवलं. पुढची तिकिटं म्हणे आमचे हेडमास्तर जमवतात. पत्रं स्पॅनिशमधे असतात, म्हणून मी ती मराठीत उतरवून आणतो. ह्या थापेला मी इतकं पॉलिश केलं होतं, की काही दिवसांनी मीच पोस्टमनची वाट बघायला लागलो.

बायकोनं पहिलंच पत्र वाचलं आणि पदरासारखं बोटाभोवती गुंडाळत म्हणाली, “तुमच्या मित्राला ‘थंडी मी म्हणत होती’ हे स्पॅनिशमधे लिहिता येतं वाटतं?”

“चांगलं भाषांतर असंच असतं.”

“आमचे आबा भोळे नाहीत,” ती म्हणाली, “पण गाडीचा विषय निघाला की असतात. जपा.”

जपलो नाही. कारण एव्हाना मामांचा बेत सुरू झाला होता.

रेल्वेत एक रीत होती. ड्रायव्हर कितीही जुना असो, नव्या सेक्शनवर त्याला एकदम गाडी देत नसत. आधी त्यानं तो रोड शिकायचा. दुसऱ्याच्या इंजिनावर उभं राहून जायचं-यायचं. चढ कुठं लागतो, सिग्नल कुठल्या वळणाआड लपतो, कुठं वाफ राखायची, हे सगळं डोक्यात भरायचं. मग कागदावर सही करायची की हा रोड मला आला. एकदा सही केली की पुढची जबाबदारी त्याची. मामांच्या सहीला पस्तीस वर्षांत डाग नव्हता. आणि प्रवासाला जायचं म्हणजे हेच करायचं, अशी त्यांची पक्की समजूत होती.

“नुसतं तिकीट काढून डब्यात बसायचं, त्यो काय परवास हाय?” ते म्हणायचे. “त्यो तर पार्सलं बी करत्यात.”

त्यामुळं त्यांचा पेरूचा बेत जगात दुसऱ्या कुणी केला नसेल असा होता. त्यात एक देऊळ नव्हतं, एक राजवाडा नव्हता. बोटीनं बंदरावर उतरायचं आणि राजधानीत मुक्काम करायचा नाही, कारण “मोठं शहर म्हंजी पुणंच की, त्यात काय बघायचं?” पहिला दिवस तिथल्या शेडमधे, इंजिनं धुताना बघायची. दुसऱ्या दिवशी चढ. बसायचं डाव्या अंगाला, दरी तिकडं आहे असं मित्रानं कळवलं होतं. निम्म्या चढावर एक दिवस थांबायचं, हवा पातळ असते म्हणून. उतरताना गार्डच्या डब्यात जागा मागायची, ब्रेक कसे तापतात ते बघायला. आणि शेवटी दोन दिवस तिथल्या मोठ्या तळ्याकाठी, ते मामींसाठी. “तिला पाणी बघाय आवडतं,” मामा म्हणाले, आणि मामी आत जाऊन उगीच भांडी वाजवू लागल्या. त्यांनी भाजणी किती न्यायची ते ठरवून टाकलं होतं. एका धनगराकडून जाडजूड काळी घोंगडी विणून घेतली होती. त्या उंचीवर सोलापुरी चादरीनं भागायचं नाही, असं मित्राचंच मत होतं.

मित्र सगळ्याची उत्तरं देत होता. स्टेशनांची नावं लागली तेव्हा मला बैठकीतला हशा आठवला, आणि मी सूड घेतला. मित्राच्या स्वतःच्या स्टेशनाचं नाव ठेवलं कासुर्दिया, पुढच्याचं वारवांदो.

“नावं कशी घरच्यावाणी वाटत्यात,” मामा म्हणाले.

“स्पॅनिश आपल्या मराठीला फार जवळची, मामा.”

रेल्वेतलं मला एकच कळत होतं. पुण्याहून मनमाडकडं जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढतात, मागं नेऊन उलट्या टोकाला जोडतात आणि गाडी आली त्याच बाजूनं बाहेर पडते. तेवढ्या भांडवलावर मी पेरूतल्या प्रत्येक तिसऱ्या स्टेशनावर इंजिन काढून उलटं लावलं. मामा खूश. त्यांनी प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं धरली आणि त्या वेळात फलाटावर उतरून काय काय बघायचं ते वहीत लिहिलं.

नकाशावरची दोन-तीन नावं सोडली तर अख्ख्या पत्रव्यवहारात मी एकच गोष्ट खरी लिहिली. पुण्याच्या लायब्ररीत एका जाड पुस्तकात ती मला सापडली होती. त्या उंचावरच्या तळ्यात लोखंडी आगबोट आहे, आणि तिचे तुकडे तुकडे करून खेचरांच्या पाठीवरून डोंगर चढवून नेले होते. मामांनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

“हे जरा जास्त झालं, पाव्हणं. खेचरावर आगबोट? तुमच्या मित्राला लिवा, बाबा रं, माज्यासंगं तरी खरं बोल.”

मी लिहिलं. पुढच्या पत्रात मित्रानं त्यांची माफी मागितली.

मग एका पत्रात, चाकं घसरू नयेत म्हणून लागणाऱ्या वाळूची डबी इंजिनावर कुठं असते ह्या प्रश्नाच्या खाली, मामांनी मला आणखी एक प्रश्न लिहायला सांगितला. सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते. “गाडी थांबली आन् बाहेरच्या मुलखातल्या माणसानं प्यायला पाणी मागितलं, तर द्यायच्या आदी काय इचारत्यात?”

मी पेन थांबवलं. त्याबद्दल ते मला एकदाच बोलले होते, तेही निम्मंच. ते नवे फायरमन होते तेव्हाची गोष्ट. कुठल्याशा स्टेशनावर, नाव त्यांनी कधीच सांगितलं नाही, उन्हाळ्याच्या दुपारी त्यांनी टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या पाण्या-कोळशाच्या डब्यावर, चढून इंजिनाला पाणी भरलं. हजारो गॅलन. मग खाली उतरून पाणी देणाऱ्या माणसापुढं ओंजळ धरली. त्यानं आधी आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकल्यावर तांब्या उंच केला, इतका उंच की निम्मं पाणी कोपरावरून गेलं. “इंजिनाला न्हाई इचारलं कुणी,” मामा म्हणाले होते, आणि विषय तिथंच संपला होता. मला पुढचं सांगायची गरज नव्हती. माझंही आडनाव असंच, ऐकल्यावर समोरच्याचा हात थांबेल असं. आमच्या दोन्ही घरांच्या भिंतीवरचे फोटो तेच.

बाकी सगळी उत्तरं मी एका बैठकीत ठोकून द्यायचो. त्या एका उत्तराला मला रविवारची अख्खी सकाळ लागली. काहीच फुगवता येईना. शेवटी लिहिलं: ‘इथे पाणी मागितलं की पाणी देतात. काही विचारत नाहीत.’

मामांनी ते दोनदा वाचलं. मग वही मागवली, शेवटच्या पानावर तारीख घातली आणि सही केली. सावकाश, रेल्वेच्या रजिस्टरात करतात तशी.

“आता रोड आला,” ते म्हणाले.

त्या बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या विहारात ते पेरूवर बोलले. एरवी ते व्यासपीठ म्हटलं की मागं सरकणारे. पण त्या दिवशी त्यांनी चढ सांगितला, बोगदे सांगितले, कासुर्दियाचं इंजिन उलटं जोडून दाखवलं, आणि शेवटी पाण्याचं सांगितलं. टाळ्या वाजल्या नाहीत. मी मागं खांबाला टेकून उभा होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझी एक थाप गिळता येईना.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, मी दौंडला आलेलो असताना, तो गोरा आला.

तो पेरूच्या रेल्वेनं जाऊन आलाय हे कळल्यावर मामांना इतका आनंद झाला, की इंजिनाच्या शेजारी उभं राहून फोटो काढून झाल्यावर त्यांनी घरी माणूस पाठवून वही मागवली. स्टेशनांची नावं त्यांनी इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहिली होती, बोर्डावर असतात तशी. गोऱ्यानं नावांवरून बोट फिरवायला सुरुवात केली. दोन-तीन नावं खरी होती, तिथं तो मान डोलवत होता. कासुर्दियापाशी त्याचं बोट थांबलं. मग वारवांदोपाशी. मग तो हसून म्हणाला की अशी स्टेशनं नाहीत, आणि इंजिनही कुठं काढत नाहीत; डोंगरात गाडी तशीच पुढं जाते, मागं येते, पुन्हा पुढं जाते, नागमोडी. आणि वाफेची इंजिनं तिथं कोळशावर नाही, तेलावर चालायची.

त्याचं बोट आणि त्याची मान सगळे बघत होते, त्यामुळं एवढं तरी मला नीट सांगावंच लागलं. सांगितलं, आणि मामांचा आवाज चढला.

“माजा मैतर दोन वरसं मला पत्र घालतोय! एका शब्दाला इकडचं तिकडं केलं न्हाई त्यानं! एकदा चुकला, तर माफी मागितली! त्यो खोटा, आन् ह्यो खरा व्हय?” वहीवर थाप मारून ते म्हणाले, “पाव्हणं, सांगा ह्याला. सही हाय म्हणावं.”

गोरा माणूस भला होता. एवढं ओरडणं ऐकून तो चिडला नाही. त्यानं वही पुन्हा उघडली आणि चढांचे आकडे, पाण्याच्या जागा, कुठं कोणत्या बाजूला बसायचं ते, सगळं मला विचारत पानामागून पान बघितलं. मग तो माझ्याकडं वळून हळू बोलू लागला. म्हणाला, ह्यांना सांग, मला वाईट वाटलं. मोठ्या लाईनीवर आता डिझेल आलंय, पण वरच्या डोंगरात एक छोटी लाईन आहे, तिथं अजून वाफ आहे. पुढच्या वर्षाअखेरीला आम्ही काही मित्र तिकडं जातोय. तिथल्या शेडचा मुख्य माझ्या ओळखीचा आहे. जो माणूस न बघितलेल्या रोडची अशी वही लिहितो, त्याला आम्ही बरोबर नेऊ, इंजिनावर उभं करू. त्यांनी मला फक्त एक पत्र लिहावं. आणि त्यानं डायरीतलं पान फाडून त्यावर आपला पत्ता लिहून दिला.

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मामाही.

मी हिशोब केला तो एवढाच. मामा तिथं गेले, तर पहिल्याच दिवशी कासुर्दियाचा स्टेशन मास्तर शोधतील.

“साहेब माफी मागतोय, मामा,” मी म्हणालो. “म्हणतो, माझीच चूक झाली.”

मामा एकदम निवले. “हात्तिच्या! चुकतंय माणूस. म्हणावं, च्या पी.”

मी गोऱ्याला इंग्रजीत सांगितलं की ते आभारी आहेत, पण आता वय झालं, त्यांना जमणार नाही.

गोऱ्यानं छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. मामांना वाटलं, तो अजून माफीच मागतोय. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. दोघांनी बशीतून चहा घेतला, एकमेकांकडं बघून हसत. तो कागद माझ्या खिशात होता. मनात म्हटलं, वेळ बघून सांगू. गोऱ्याची गाडी फलाटावर उभी असेपर्यंत मला वेळ होता, ती सुटेपर्यंत होता. पुढं आणखी वर्षभर होता.

मामांच्या रिटायरमेंटला सहा महिने उरले तेव्हा त्यांनी पासपोर्टाचा फॉर्म आणला आणि मला म्हणाले, “मित्राला कळवा, आमी येतोय. कुठला म्हयना बरा, त्यो इचारा.”

मग मी मित्राला मारून टाकला.

साधं मारता आलं असतं, ताप येऊन. पण मला साधं काही जमतच नव्हतं. मी त्याला बर्फाच्या वादळात मारला, हातात हिरवं निशाण, समोरून येणारी गाडी थांबवून दोनशे माणसं वाचवताना. हिरव्या निशाणानं गाडी थांबत नाही, हे मामांच्या ध्यानात आलं असणार. त्यांनी पत्र खाली ठेवलं आणि बराच वेळ पायातल्या वहाणांकडं बघत बसले. संध्याकाळी विहारात वंदना झाल्यावर दहा-बारा माणसं दोन मिनिटं उभी राहिली, माझ्या त्या कधीच नसलेल्या मित्रासाठी. मीही उभा राहिलो.

“दुसरं कुणी ओळखीचं शोधतो तिथलं,” मी म्हणून बघितलं.

“नगं,” मामा म्हणाले. “ज्याच्या भरवशावर रोड शिकलो, त्योच ग्येला.”

मामींनी ती घोंगडी काढून माझ्या हातात दिली. “त्येच्या बायकुला धाडा. तिकडं लई थंडी म्हणत्यात.”

ती घोंगडी मी शिरूरला नेऊन ट्रंकेत ठेवली. गोऱ्याचा कागद अ‍ॅटलसमधे, दक्षिण अमेरिकेच्या पानात. दरवर्षी वर्गात ते पान आलं की मी दोन पानं एकदम उलटायचो आणि ऑस्ट्रेलिया जरा लवकर शिकवायचो. मामा रिटायर झाले. शेडमधल्या माणसांनी हार घातले, इंजिनाची शिट्टी लांबवर वाजवली. पासपोर्टाचा कोरा फॉर्म त्यांनी वहीत घालून ठेवला आणि वही फळीवर, रॉकेलच्या कॅनमागं.

अशी बरीच वर्षं गेल्यावर एकदा बायकोनं उन्हाला घालायला ट्रंक उघडली. घोंगडीला एका कोपऱ्यात कसर लागली होती. तिनं ती झटकली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “ती बाई अजून कुडकुडतीया का तिकडं?”

तिला पहिल्या पत्रापासून माहीत होतं. दुसऱ्याच दिवशी घोंगडी आणि तो कागद घेऊन निघालो. तीच एसटी, तेच न्हावरं, केडगावची तीच पॅसेंजर. वाळवंट नाही, समुद्र नाही. खरंच किती जवळ होतं दौंड.

मामा अंगणात बाजेवर बसले होते, रुळांकडं तोंड करून. जाणाऱ्या गाडीवर ते मनगटावरचं घड्याळ लावत, गाडी उशिरा असली तरी. मामी बाजाराला गेल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं: तिकिटाचं पाकीट, रविवारची पत्रं, कासुर्डी-वरवंडची स्टेशनं, मित्राचं मरण. गोरा खरं काय म्हणाला, आणि मी दोघांना काय सांगितलं. आयुष्यात मी पहिल्यांदाच काही न फुगवता सांगत होतो. स्टेशनाबाहेर आऊटर सिग्नलला उभी असलेली मालगाडी आत येईपर्यंत ते सांगून संपलं.

मी ओरडण्याची वाट बघत होतो. मला ते ओरडणं हवं होतं. सगळ्या वस्तीनं ऐकावं असं.

मामांनी घोंगडी मांडीवर घेतली आणि कसर लागलेल्या भोकातून बोट घातलं. मग कागद हातात घेऊन त्या परक्या अक्षरांवरून नजर फिरवली, उलटा करून मागं काही आहे का ते बघितलं.

“बरोबर न्हेतो म्हणाला हुता त्यो?”

“हो, मामा. इंजिनावर उभं करणार होते तुम्हाला.”

“आन् त्ये पाण्याचं? त्ये कुणी लिवलं हुतं?”

“मीच.”

मालगाडीचे डबे मोजत असल्यासारखे ते तिकडं बघत राहिले. शेवटचा, गार्डचा ब्रेकव्हॅन गेला. त्यांनी घड्याळ लावलं नाही.

“मग तेवढं त्या गोऱ्याला इचारायला पायजे हुतं,” मामा म्हणाले.